शेष अकरा

मोरदरीच्या तळावरचे सोळापैकी चौदा वैमानिक यापुढे लागणार नाहीत, ही बातमी फार गोड भाषेत आली. कपात हा शब्द त्यात औषधालाही नव्हता. ‘सन्मानपूर्वक मोकळीक’ होती, ‘राष्ट्राची कृतज्ञता’ होती आणि पुढच्या आयुष्यासाठी काही अभ्यासक्रम सुचवलेले होते. त्यांत शीतगृहांचं व्यवस्थापन सगळ्यात वर होतं. आवाजाला मागे टाकून उडणाऱ्या माणसांनी आता गोठवलेल्या मटारावर लक्ष ठेवावं, अशी सरकारची इच्छा दिसत होती.

विंग कमांडर हेरंब कारखानीस स्क्वाड्रनचा प्रमुख, म्हणून ती वाचून दाखवण्याचं काम त्याच्याकडे आलं. हवामानाचा अंदाज वाचावा तशी त्याने ती वाचली. मग पडद्यावर सोळा नावं उमटली, प्रत्येक नावापुढे एक आकडा. पहिलं नाव फ्लाइट लेफ्टनंट अवनी टोपले, एकवीस. दुसरं स्क्वाड्रन लीडर जयसिंग निंबाळकर, चौदा. तिसरं हेरंबचं. अकरा.

जागा दोन होत्या.

 चेहरे वाचायची हेरंबला जुनी खोड. त्याने पाहिलं, प्रत्येकाने आधी स्वतःचा आकडा शोधला, मग शेजाऱ्याचा, आणि मग नजर वळली ती त्याच्याकडे. आधीच्या नजरांत धास्ती होती, शेवटच्या नजरेत बारीकसं समाधान. साहेबही जातोय, म्हणजे आपलं जाणं फारसं लाजिरवाणं नाही. हेरंबला राग आला नाही. तो त्यांच्या जागी असता तर एवढं फुकटचं समाधान त्यानेही सोडलं नसतं.

त्या आकड्याला शेष म्हणत. तो काढायची रीत डॉक्टर क्षिप्रा गोळे यांची. या बाई पाच वर्षांपूर्वी मोरदरीत आल्या त्या ‘अनुचर’ला शिकवायला. अनुचर म्हणजे माणसाशिवाय उडणारं लढाऊ विमान. तशी विमानं आधीही होती, पण ती वर्गातल्या पाठांतरवाल्या मुलासारखी उडायची. पुस्तकातलं सगळं बरोबर, पुस्तकाबाहेर गेलं की गोंधळ. वैमानिकाने दांडा कधी ओढला, किती ओढला, हे यंत्राला लाखो वेळा दाखवता येत होतं. का ओढला, ते कुठल्याच उपकरणात उमटत नव्हतं. आणि ‘का’ ठाऊक नसलं की यंत्र नुसती नक्कल करतं.

ते ‘का’ डॉक्टर गोळ्यांना मोरदरीत एका परातीपाशी सापडलं.

झालं असं, की या स्क्वाड्रनमध्ये प्रत्येक उड्डाणानंतर एक बैठक होई. दाराशी मेसमधली पोचे आलेली ॲल्युमिनियमची परात ठेवलेली असे. आत येताना प्रत्येकाने खांद्यावरच्या हुद्द्याच्या पट्ट्या काढून परातीत टाकायच्या. मग आत साहेब कोणी नाही आणि कनिष्ठही कोणी नाही. प्रत्येकाने त्या दिवसाची आपली चूक सांगायची. फक्त आपली. दुसऱ्याची चूक डोळ्यांदेखत घडलेली असली तरी तिचा उच्चार करायचा नाही. ज्याची त्याने सांगायची. सांगितलेल्या चुकीला शिक्षा नाही, आणि बैठकीबाहेर तिची चेष्टाही नाही. तिथे माणसं काय वाट्टेल ते बोलत. ‘घाबरलो, म्हणून लवकर वळलो.’ ‘सकाळी बायकोशी भांडण झालं होतं, दोन सेकंद मी घरीच होतो.’ ‘अवनी बघत होती म्हणून जरा जास्तच खाली गेलो.’

डॉक्टर गोळ्यांनी त्या बैठकीत माइक लावला. प्रत्येक कबुली त्या-त्या क्षणाच्या हाताच्या हालचालीशी जोडली. भीती म्हणजे काय, आढ्यता म्हणजे काय, घरचं भांडण विमानाच्या कुठल्या वळणात दिसतं, हे अनुचर शिकत गेला आणि यांतलं काहीही न होता उडायलाही शिकला. सगळ्या देशात मोरदरीचे लोक सर्वांत खरं बोलणारे, म्हणून सर्वांत उत्तम यंत्र मोरदरीत तयार झालं, आणि म्हणूनच सर्वांत आधी रिकामी होणार होती तीही मोरदरीच. थापा मारणाऱ्या स्क्वाड्रनना अजून तीन-चार वर्षं होती.

“शेष म्हणजे काही परीक्षेचे मार्क नव्हेत,” डॉक्टर गोळ्यांनी त्या दिवशी सगळ्यांना समजावलं. त्यांच्या हातात नेहमीसारखा आल्याच्या चहाचा थर्मास होता. “तुमचं उड्डाण चालू असताना अनुचर मनातल्या मनात सांगत असतो, आता हा काय करील. तो सांगतो ते खरं झालं, तर तेवढे तुम्ही त्याच्यात आधीच आहात. शंभरातलं जे त्याला सांगता येत नाही, तो तुमचा शेष. यापुढे एका माणसाबरोबर आठ अनुचर उडतील. माणूस लागेल तो तेवढ्या शेषापुरताच.”

“म्हणजे बाई, आम्ही नीट उडलो म्हणून घरी?” पिंगळेने विचारलं. स्क्वाड्रन लीडर पिंगळेचा शेष होता दोन. वीस वर्षांत हा माणूस एकदाही ठरल्या उंचीच्या वर-खाली गेला नव्हता.

“नीट उडलात, आणि नीट सांगितलंत,” बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पण चहा त्यांनी थांबवला नाही.

दीड महिन्याने फेरमापन होतं. तेवढ्या काळात मोरदरीच्या आकाशात असे प्रकार झाले की गुराख्यांनी वर बघणं सोडून दिलं. ज्यांना वीस वर्षं एकसारखं उडायला शिकवलं होतं, ती माणसं आता लहरी व्हायच्या मागे लागली. कुणी उजवीकडे वळायच्या जागी डावीकडे वळला. कुणी उगाचच एक गिरकी घेतली. पिंगळे तर घरून चिठ्ठ्या टाकून येई आणि निघेल त्या बाजूला वळे. अनुचर पहिले तीन दिवस चकला, चौथ्या दिवशी पिंगळेची चिठ्ठी कधी निघते ते त्याला कळायला लागलं. पिंगळेला चिठ्ठीतसुद्धा वेळेवर वळायची सवय होती. त्याचा शेष दोनाचा दीड झाला.

हेरंबने असलं काही केलं नाही. यात मोठेपणा नव्हता, त्याला कंटाळा आला होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी विक्षिप्तपणाचा सराव करायचा म्हणजे फारच झालं.

“माझ्या मापाने तर तुझा शेष शून्य आहे,” सुमेधा म्हणाली. सुमेधा त्याची बायको. तालुक्याच्या गावात तिचा दातांचा दवाखाना होता, आणि लोकांच्या तोंडात डोकावून त्यांच्या बाकीच्या सवयीही ओळखायची तिला कला होती. “आता तू म्हणणार, ‘बघू.’”

हेरंब ‘बघू’ म्हणणारच होता. तो गप्प बसला.

“आणि मी हे म्हटल्यावर गप्प बसणार.”

“मग काय करू? उठून नाचू?”

“नाच की. अकराचे बारा होतील.” मग तिने विचारलं, “निंबाळकरचे चौदा कसे रे? तो तुझ्यामागे सात वर्षं उडतोय. तुझी सावली म्हणतात त्याला. सावलीचा शेष माणसापेक्षा जास्त?”

हे हेरंबच्याही मनात येऊन गेलं होतं. ते त्याने तिथेच दाबून ठेवलं होतं. ज्याच्या आकड्यामुळे आपली जागा जाते, त्याच्या आकड्याबद्दल शंका घेणं बरं दिसत नाही, आणि असल्या बाबतीत बरं दिसण्याची हौस त्याला मोठी.

निंबाळकरने ते स्वतःच सांगितलं. सकाळचं उड्डाण संपवून दोघं विमानाच्या पंखाखालच्या सावलीत बसले होते. मोरदरीच्या उत्तरेला जी डोंगरांची रांग आहे, तिथे हिवाळ्यात धुरकट दाट हवा साचते. तिच्यात शिरलं की जमीन आणि आभाळ एकच होतात. त्या रांगेतून खाली-खालून जायचं हे मोरदरीचं खास काम. निंबाळकर फलटणकडचा, आडदांड, बोलायला लागला की मेस हलवणारा गडी. त्या दिवशी तो हेल्मेट मांडीवर घेऊन त्याचा पट्टा उलगडत आणि गुंडाळत बसला होता.

“सर, एक सांगू? बैठकीत नाही सांगितलेलं.”

“मग मलाही नको सांगू.”

“सांगतो. धुरक्यात शिरलो ना, की मला वर-खाली कळत नाही.”

“कुणालाच कळत नाही. कानातलं पाणी फसवतं. म्हणून तर उपकरणं बघायची.”

कानाच्या आत बारीक नळ्यांमध्ये द्रव असतो, आणि त्याच्या हलण्यावरून मेंदूला कळतं की आपण तिरके आहोत की सरळ. समोर क्षितिज असलं तर डोळे त्याची चूक दुरुस्त करतात. क्षितिज नसलं तर विमान हळूहळू कलंडत असतानाही कान छातीठोकपणे सांगतो, सगळं ठीक आहे. प्रत्येक वैमानिकाचा कान असा खोटं बोलतो. कानाचं ऐकायचं नाही, एवढंच तर शिक्षण.

“तेच तर. बघतो मी उपकरणं, पण पटत नाहीत,” निंबाळकर म्हणाला. “आकडे दिसतात, पण हात हलत नाही. दोन सेकंद, कधी तीन. दगडच होतो. मग तुम्ही रेडिओवर बोलता, ‘विंग्ज लेव्हल’. ते ऐकलं की हात सुटतो आणि मी झटका देऊन सरळ होतो. सात वर्षं हेच चाललंय, सर. आधी एखाद्या वेळी व्हायचं. आता दर वेळी होतंय.”

“आणि अनुचरला तो झटका कुठून येतो ते समजत नाही.”

“चौदा,” निंबाळकर म्हणाला, आणि हसला. हसू नीट जमलं नाही. “लोक मला हुशार समजायला लागलेत. टोपले परवा विचारत होती, सर, त्या झटक्याचं तंत्र काय?”

“जयसिंग, पुढच्या वर्षी तुझ्यापुढे मी नसणार.”

“ठाऊक आहे.”

“आठ अनुचर असतील. ते आपसांत बोलतात ते आकड्यांत. तोंडाने एक शब्द काढत नाहीत.”

“ठाऊक आहे म्हटलं ना!” निंबाळकर उसळला, आणि लगेच बसला. “घरी दोन म्हाताऱ्या, एक पोरगा, पोरगा सगळ्या गावाला सांगत सुटलाय की माझा बाप सोळांतून राहिला. मी काय, त्याला मटार दाखवू? मी जमवीन काहीतरी. तुम्ही फक्त गप्प बसा. दुसऱ्याचं सांगायचं नाही, हा तुमचाच नियम.”

नियम हेरंबचा नव्हता, त्याच्या कितीतरी आधीचा होता. पण तो पाळण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, हे खरं.

दुसऱ्या दिवशी त्याने अवनी टोपलेला सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय गं, मी हवेत फार बडबड करतो का?”

“तुम्ही?” ती खदखदून हसली. “सर, तुमच्या मागे उडणं म्हणजे मौनव्रत. मागच्या महिन्यात आपण ती सगळी रांग पार केली, तुम्ही चकार शब्द बोलला नाहीत. मला वाटलं माझं काही चुकलं.”

“धुरक्यात शिरताना ‘विंग्ज लेव्हल’ म्हणतो ना मी?”

“मला तर कधी नाही म्हणालात.”

हेरंब तिथेच उभा राहिला. तो समजत होता, ती आपली सवय आहे. काही लोक पायरी उतरताना ‘हं’ म्हणतात तशी. ते शब्द आपण फक्त निंबाळकरला म्हणतो, हे त्याला आत्ता कळत होतं. म्हणजे त्याने कधीतरी डावीकडे पाहिलेलं होतं, दोन नंबरच्या विमानाचा पंख हळूच खाली जाताना पाहिलेला होता आणि नियमाप्रमाणे त्याबद्दल तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. नुसतं तेवढ्यावर थांबला असता तर एक होतं. त्याने त्यावर गुपचूप उपाय शोधला, आणि तो इतका गुपचूप की स्वतःलाही कळू दिलं नाही. सात वर्षं तो दोन विमानं उडवत होता, आणि शेष मात्र एकाचाच निघत होता.

डॉक्टर गोळ्यांकडे तो गेला तो सल्ला विचारायला गेल्यासारखा.

“बाई, अनुचरला रेडिओवरचं आमचं बोलणं ऐकवता का तुम्ही?”

“नाही. पहिल्याच वर्षी काढून टाकलं. त्यात नव्वद टक्के शिव्या असतात.” त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. “का? ऐकवायला हवं होतं?”

“समजा, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या हातापर्यंत पोचत असेल, तर?”

बाई हुशार होत्या. त्या पुढे काही बोलायच्या आधी त्यांचे डोळे बोलले. “तर ते दोघांच्याही शेषात पडलं असेल. बोलणाऱ्याच्याही. कारण बोलण्याआधी तो बघतो, वेग थोडा कमी-जास्त करतो, आणि अनुचरला ते सगळं विनाकारण वाटतं. पण विंग कमांडर, ते उघड झालं तर आकडे दोघांचे उतरतील. आणि एकदा नोंद झाली की मला ती पुसता येत नाही.”

“मी ‘समजा’ म्हणालो.”

“मीही ‘समजा’च ऐकलं.”

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याने सुमेधाला सगळं सांगितलं. तिला नियम लागू नव्हता, आणि ती विचारूनच काढणार होती. ऐकून झाल्यावर तिने हात पुसले आणि दात तपासावा तसा एक-एक मुद्दा ठोकून पाहिला.

“गप्प बसलास, तर निंबाळकर राहतो, तू जातोस, आणि एक दिवस तो डोंगरात जातो. बरोबर?”

“बरोबर.”

“वैद्यकीय मंडळाला त्याचं सांगितलंस, तर तो आजच जमिनीवर येतो आणि जागा तुला मिळते. कारण तुझं विंग्ज बिंग्ज कुणी विचारतच नाही. तुझे अकरा तसेच राहतात.”

“हो.”

“मग सांग की! खरं आहे, माणूस वाचतो, तुझी नोकरी राहते. असा योग आयुष्यात एकदा येतो, हेरंब. एरवी बरोबर वागायचं म्हणजे पदरचं जातं.”

“तेच तर. माझा त्यात फायदा आहे.”

“असू दे की फायदा! फायदा झाला म्हणून खऱ्याचं खोटं होतं?”

“तो आयुष्यभर म्हणेल, कारखानीसने जागेसाठी मला उघडं पाडलं.”

“म्हणू दे. जिवंत राहून म्हणेल.”

यावर हेरंब चिडला, आणि चिडल्यावर माणसं नेहमी जे करतात ते त्याने केलं. उठून नळ गळतोय का ते बघायला गेला. नळ गळत नव्हता.

“आणि आता तू तिसरंच काहीतरी करणार,” मागून सुमेधाचा आवाज आला. तो थकलेला होता. “सगळ्यांचं नुकसान होईल असं. म्हणजे तुझे हात स्वच्छ.”

सुमेधाच्या मापात तो या वेळीही पूर्ण बसला.

फेरमापनाआधीची शेवटची बैठक त्या आठवड्यात झाली. परातीत पट्ट्या पडल्या. माइकचा हिरवा दिवा लागला. कोपऱ्यात डॉक्टर गोळे. पिंगळेने आपली चूक सांगितली: चिठ्ठ्यांच्या नादात इंधन जास्त जाळलं. अवनीने सांगितलं, निंबाळकरसरांचा झटका तिने एकदा करून पाहिला आणि चहा ओकली. लोक हसले. त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकू आलं. निंबाळकरही हसला.

मग हेरंबची पाळी आली.

“माझी चूक जुनी आहे,” तो म्हणाला. “धुरक्यात शिरताना मी रेडिओवर ‘विंग्ज लेव्हल’ म्हणतो. पुस्तकात ते नाही. त्याआधी मी डावीकडे बघतो आणि वेग थोडा कमी करतो. हे मी सगळ्यांच्या वेळी करत नाही. सात वर्षं करतोय आणि एकदाही इथे सांगितलं नाही. माझ्या विमानाला त्याची गरज नव्हती. हे सांगायला हवं होतं. एवढंच.”

नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सात वर्षं त्याच्या डावीकडे कोण होतं, हे मोरदरीचा धोबीसुद्धा सांगू शकला असता. कुणी निंबाळकरकडे बघितलं नाही, आणि इतक्या जणांनी एकदम न बघणं हे बघण्यापेक्षा जास्त झोंबणारं होतं. डॉक्टर गोळ्यांनी थर्मास हळूच खाली ठेवला.

निंबाळकरची पाळी शेवटची. 

“माझी काही चूक नाही,” तो म्हणाला आणि उठला. पट्ट्या न घेताच बाहेर गेला. नंतर त्या अवनीने नेऊन दिल्या.

त्यानंतर सगळं फार साधेपणाने झालं. डॉक्टर गोळ्यांनी तळावर साठवलेलं सात वर्षांचं रेडिओवरचं बोलणं, शिव्यांसकट, अनुचरला ऐकवलं. त्या दोन शब्दांनंतर निंबाळकरचा हात काय करणार, हे आता त्याला दर वेळी आधीच सांगता येऊ लागलं. त्या शब्दांआधीचे ते दोन-तीन सेकंद, जेव्हा हात काहीच करत नसे, तेही पडद्यावर ओळीने उभे राहिले, आणि ते काय आहे हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती. निंबाळकरचा शेष चौदाचा चार झाला. वैद्यकीय मंडळाने त्याला हवेत जायला बंदी केली, तीही सन्मानपूर्वक. हेरंब अकरावरून पाचावर आला. बाकीचे आधीपासूनच पाचाच्या खाली होते, त्यामुळे दुसरी जागा कुणालाच मिळाली नाही. एवढ्या कमी शेषाला माणूस बसवणं परवडत नाही, असं वरून कळलं आणि ती जागाच रद्द झाली.

पिंगळे म्हणाला, “सर, तुम्ही तर दोन जागांची एक केलीत.” तो बोलायचं म्हणून बोलला, पण मेसमध्ये त्यावर पुष्कळ माना डोलल्या. लोकांच्या मनात हेरंबच्या नावावर काय लिहावं याचा निर्णय होत नव्हता. त्याने जागा बळकावली असती तर नीच म्हणता आलं असतं, गप्प बसून गेला असता तर दिलदार. हे मधलंच काहीतरी होतं, आणि मधल्याला लोकांकडे शब्द नसतो, म्हणून ते त्याच्याशी हवामानाबद्दल बोलत. अनुचर आता धुरक्यात शिरताना एकमेकांना सूचना देत. त्याला डॉक्टर गोळ्यांनी ‘परस्परभान’ असं नाव दिलं होतं. अवनी म्हणाली, त्याने तिचं काम सोपं झालं. सोपं झालं म्हणजे तिचाही शेष उतरणार, हे तिच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. हेरंबने ते तिला सांगितलं नाही. सांगून त्याचं पोट भरलं होतं.

सुमेधाशी त्याचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “खरं सांगायचं सोडून तू फक्त आपल्या वाटणीचं खरं सांगितलंस. त्याचा जीव वाचला, ते ठीक. पण त्यात तुझी ऐट किती होती, ते एकदा मोजून बघ.” तो मोजायला बसला नाही. उत्तर त्याला ठाऊक होतं, आणि ते अकराहून जास्त होतं.

तळ सोडायच्या दिवशी घराघरांपुढे टेंपो लागले होते. हेरंबचं सामान चढत होतं. कपाट, गादी, दवाखान्याची एक जुनी खुर्ची. निंबाळकर त्या दिवसापासून त्याच्याशी बोलला नव्हता. समोरून येताना दिसला की वाट बदलायचा. आज मात्र तो आपल्या टेंपोकडून सरळ चालत आला आणि फाटकाशी थांबला. दाढी वाढलेली होती.

“वहिनी आहेत का?”

“आत आहे. बोलावू?”

“नको.” तो टेंपोतल्या खुर्चीकडे बघत राहिला. “साताऱ्याला शीतगृहात बघितलं मी. घेतायत.”

“बरं झालं.”

“बरं कसलं? सहा अंशांत उभं राहायचं दिवसभर.” मग तो हेरंबकडे वळला. त्याचे डोळे लाल होते, आणि आवाज मुद्दाम खाली धरलेला. “कारखानीससर, एक विचारायचंय. तुम्ही सरळ वर जाऊन माझं सांगितलं असतंत, तर मी तसाही गेलो असतो आणि तुम्ही राहिला असतात. होय ना?”

“होय.”

“मग का नाही सांगितलंत?”

हेरंबने सुचतील ती उत्तरं मनात चाळली. नियम होता. तुझं नाव घ्यायचं नव्हतं. सगळी खरी होती, आणि एकही देण्याजोगं नव्हतं.

“तू मला शिव्या देशील याची भीती वाटली,” तो म्हणाला.

 निंबाळकरचं तोंड वेडंवाकडं झालं.

“अहो, तेवढंच तर मला पाहिजे होतं!” तो म्हणाला. “तुम्ही जागा खाल्ली असतीत, तर मी रोज सकाळी उठून तुम्हाला शिव्या दिल्या असत्या. पोराला सांगितलं असतं, तुझ्या बापाला एका हरामखोराने पाडलं. पोराला ते कळलं असतं. आता मी काय सांगू त्याला? त्या सहा अंशांत उभं राहून कुणाच्या नावाने बोटं मोडू? तेवढीसुद्धा सोय ठेवली नाहीत तुम्ही.”

टेंपोवाल्याने हॉर्न दिला. हेरंबने त्याला हाताने थांबवलं.

“दे की,” तो म्हणाला.

“काय?”

“शिव्या दे. आत्ता दे. माझी काही घाई नाही.”

निंबाळकरने इकडे-तिकडे बघितलं. सुमेधा दारात येऊन उभी राहिली होती. ती न सांगता आत गेली. मग त्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली. आधी अडखळत, कारण साहेबाला शिव्या द्यायची सवय नव्हती, मग फलटणची सगळी हत्यारं बाहेर निघाली. हेरंबच्या घराण्याला, त्याच्या सभ्यपणाला, त्याच्या गप्प बसण्याला आणि न बसण्याला, त्याच्या त्या दोन शब्दांना. सात वर्षं मला धरून ठेवलंस आणि मला सांगितलंही नाहीस, असं एकदा मध्येच आलं. तिथे आवाज फुटला, पण तो थांबला नाही. शेजारच्या घरांची दारं उघडली आणि मिटली.

हेरंब फाटकाला टेकून ऐकत राहिला. वीस वर्षांत बैठकीत त्याने इतकं खरं काही ऐकलं नव्हतं. निंबाळकर दम खायला थांबला तेव्हा त्याने खांद्यावरून बाटली काढून त्याला पाणी दिलं. निंबाळकर ते घटाघटा प्यायला, त्याने तोंड पुसलं आणि बाटली परत दिली.

“झालं?” हेरंबने विचारलं.

“नाही,” निंबाळकर म्हणाला, आणि पुन्हा सुरू झाला.